मदत हवी आहे: हॉस्पिटलमधली सगळी सॉफ्टवेअर जोडायला कोणतं मिडलवेअर घ्यावं? (सोलापूर)

सातरस्ता
मंडळी, जरा घाईत आहे. आमच्याकडे एचआयएस (हॉस्पिटलचं मुख्य सॉफ्टवेअर) एका कंपनीचं, लॅबचं एलआयएस दुसऱ्या, पॅक्स (एक्सरे-सीटीचे फोटो साठवणारं) तिसऱ्या, फार्मसीचं बिलिंग चौथ्याच कंपनीचं. कशाचा कशाला पत्ता नाही. पेशंटचं नाव रिसेप्शनला एक, लॅबला दुसरं, सीटीला तिसरंच. विश्वस्त म्हणतात दिवाळीच्या आत सगळं जोडा, आभा (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) चालू करा, एनएबीएचवाले (हॉस्पिटलचा दर्जा तपासणारे) येणारेत. एका व्हेंडरने मिडलवेअरचं (या सॉफ्टवेअरमध्ये निरोप्याचं काम करणाऱ्या प्रोग्रामचं) कोटेशन दिलंय. यात सगळं सुटेल म्हणतो. ते घ्यावं की मिर्थ नावाचं मिडलवेअर बसवावं? सोमवारी मीटिंग आहे. 'आधी प्रोसेस बघा' वगैरे नको, प्रॉडक्टचं नाव सांगा.

होटगीरोड
खाटा किती? ट्रस्ट की प्रायव्हेट? एचआयएसचा डेटाबेस कुठे आणि ॲडमिन पासवर्ड कुणाकडे?

सातरस्ता
१५० खाटा, ट्रस्ट. एसक्यूएल सर्व्हर आमच्याच सर्व्हर रूममध्ये. पासवर्ड व्हेंडरकडे. त्याने काय फरक पडतो?

मुक्तस्रोत
मिर्थ ४.६ पासून मुक्तस्रोत राहिलेलं नाही, २०२५ मध्येच त्यांनी परवाना बदलला. मी म्हणतो बाह्मनी हे मुक्तस्रोत हॉस्पिटल सॉफ्टवेअर लावा. ओपनएमआरएस (पेशंटच्या नोंदी), ओपनएलिस (लॅब) आणि ओडू (बिलिंग) एकत्र येतात, छत्तीसगडमधल्या गनियारीसारख्या खेड्यात उभं राहिलंय. लायसन्सचा पैसा शून्य. एक्सरे-सीटीच्या फोटोंना ऑर्थँक, तेही मुक्तस्रोत. विषय संपला.

चौपाड_कर
काय बे भावा, कुठं संपला? चालू हॉस्पिटलचं एचआयएस उपटून काढायचं का दिवाळीआधी? फुकट म्हणतोस, मग रात्री दोनला बंद पडल्यावर फोन कुणाला करायचा, तुला?

मुक्तस्रोत
आत्ता पासवर्ड तरी कुणाकडे आहे?

क्लाउड_भाऊ
सगळं क्लाउडवर न्या. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर आलं, तेव्हा ओपीडी कागदावर चालवावी लागली. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर सर्व्हर रूममधल्या तुमच्या एका डब्याचं काय?

चौपाड_कर
आणि रस्ता खणताना फायबर तुटलं की? आमच्या बोळात जेसीबी आला की नेट गेलंच.

निवृत्त_एमआरडी
मी वैद्यकीय नोंदी विभागात (एमआरडीत) आयुष्य काढलं, म्हणून नावाबद्दल लिहिते. सोलापुरात हा गोंधळ इतर शहरांपेक्षा जास्त. पूर्व भागातले तेलुगू पेशंट आडनाव आधी सांगतात. इंडी, आळंदहून येणाऱ्या कन्नड बायका कधी लक्ष्मीबाई असतात, कधी लक्ष्मव्वा. रिसेप्शनचा मुलगा कानाला लागेल तसं टाइप करतो. मिडलवेअर हे जसंच्या तसं पुढे ढकलणार. चार ठिकाणची चूक चाळीस ठिकाणी जाईल, तीही वेगाने.

यूएचआयडी, म्हणजे हॉस्पिटलचा पेशंट क्रमांक, एकच हवा आणि तो एकाच खिडकीवर निघावा. दोन नोंदी एकाच बाईच्या आहेत हे ठरवून त्या जोडण्याचा हक्क एमआरडीला, बिलिंगला नाही. सीटीच्या कन्सोलवर टेक्निशियन नाव हाताने टाकत असेल तर आधी वर्कलिस्ट लावून घ्या, म्हणजे नाव एचआयएसमधूनच येईल. आभाचा १४ अंकी क्रमांक यूएचआयडीशी जोडायचा, यूएचआयडीच्या जागी वापरायचा नाही. कर्नाटकातून आलेल्या प्रत्येकाकडे तो असेलच असं नाही.

सातरस्ता
ताई, वर्कलिस्ट जमणार नाही. सीटी आमचं नाही, बाहेरच्यांचं, शेअरिंगवर (उत्पन्न वाटून घ्यायच्या करारावर) आहे. पॅक्सही त्यांचाच.

होटगीरोड
अहो मालक, हे आता सांगताय? मग प्रश्न मिडलवेअरचा राहतच नाही. पेशंट तुमचा, फोटो त्यांच्या सर्व्हरवर. उद्या करार मोडला तर जुने स्कॅन कुणाचे? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हलगर्जीला २५० कोटींपर्यंत दंड आहे, आणि पेशंट आधी तुमच्या दारात येईल. करारात काय लिहिलंय ते बघा: स्कॅनची डायकॉम (अशा फोटोंचं प्रमाण स्वरूप) प्रत तुमच्याकडे मिळते का, करार संपताना सगळा डेटा वाचता येईल अशा स्वरूपात देणार का. हेच कलम एचआयएसवाल्याकडूनही घ्या, पासवर्डसकट.

जुळे_सोलापूर
आभावरून आठवलं, आईचं आभा काढायचंय पण आधारला जुना मोबाइल नंबर जोडलाय. ओटीपी येत नाही. काय करावं?

निवृत्त_एमआरडी
आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या. पण वेगळा धागा काढा ना.

ईए_पुणे
हा सरळ एंटरप्राइझ आर्किटेक्चरचा (संस्थेची सगळी यंत्रणा एकत्र आखण्याचा) विषय आहे. टोगाफ ही त्याची ठरलेली पद्धत राबवा. आधी बेसलाइन (आज काय आहे), मग टार्गेट (काय हवंय), मग गॅप ॲनालिसिस (मधली तफावत).

चौपाड_कर
दीडशे खाटांना टोगाफ! तेवढे कागद वाचायला वेगळा वॉर्ड लागंल.

होटगीरोड
नाव सोडा, त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. सातरस्ता, एक सांगा, नवीन सॉफ्टवेअर किंवा मशीन घेताना सही कोण करतं?

सातरस्ता
ठराविक रकमेपर्यंत विभागप्रमुख. आयटीला कळतं ते व्हेंडर लॅन पॉइंट मागायला आला की.

होटगीरोड
मग तुमचा आजार तिथंय. प्रॉडक्ट कुठलंही घ्या, वर्षभरात पाचवी कंपनी दारात उभी राहणार. सोमवारी कोटेशन बाजूला ठेवून एवढंच मागा: मेडिकल सुपरिंटेंडंट, लॅब, नर्सिंग, एमआरडी, अकाउंट्स आणि तुम्ही अशी छोटी समिती. जे मशीन किंवा सॉफ्टवेअर पेशंटचा डेटा साठवतं त्याची पीओ (खरेदीची ऑर्डर) समितीच्या सहीशिवाय निघणार नाही, रक्कम कितीही असो. अध्यक्ष सुपरिंटेंडंटच हवेत. आयटीवाल्याचा नकार कुठलाही सर्जन ऐकत नाही. नंतर एक यादी करा: कुठलं सॉफ्टवेअर, कुणाच्या ताब्यात, एचएल७ किंवा फायर (आरोग्य डेटा देवाणघेवाणीची प्रमाणं) बोलतं का, करार कधी संपतो. आभासाठी तुमच्या एचआयएसवाल्याने एबीडीएमचा (सरकारच्या डिजिटल आरोग्य मिशनचा) एम२ टप्पा, म्हणजे पेशंटच्या नोंदी आभाशी जोडणं, केलाय का विचारा. केला असेल तर निम्मं काम त्याच्याच गळ्यात पडतं.

मुक्तस्रोत
आणि यादीत बाह्मनीचा एक डेमो. बघायला पैसे पडत नाहीत.

सातरस्ता
मीटिंग झाली. कोटेशन तूर्त थांबवलंय. समितीवर विश्वस्त 'बघू' म्हणाले, पण सुपरिंटेंडंट सरांनी यादी मागितलीय. सीटीचा करार अकाउंट्सकडे सापडत नाहीये. आणि लॅबच्या मॅडमनी शुक्रवारीच नवीन ॲनालायझरची ऑर्डर दिली. एलआयएसला जुळतो का विचारलं तर म्हणे ते आयटीने बघायचं.

होटगीरोड
मॉडेल कुठलं? सिरियल पोर्ट आहे की लॅन?