मदत हवी आहे : लॉकडाऊनमध्ये बंद राहिलेल्या कपाटातली पुस्तकं

२०२० चा अख्खा पावसाळा बंद लोखंडी कपाटात काढलेली साधारण चाळीस पुस्तकं आहेत, कोकणातली. तेव्हा वरवर पुसून ठेवली होती, पण दर पावसाळ्यात बुरशी परत येते. कपाटात आर्द्रता ७२-७५ टक्के दाखवते. ६० च्या खाली आणल्याशिवाय काही खरं नाही, हे माहीत आहे.

आतापर्यंत केलेलं: पुस्तकं सावलीत, पंख्याखाली उभी करून पानं मोकळी वाळवली. बुरशी पूर्ण सुकल्यावरच मऊ ब्रशने, मास्क लावून, घराबाहेर झटकली. ओली असताना पुसली की ती कागदात आणखी मुरते. कसर लागलेली सहा पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवली आणि बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडली नाही, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं. अळ्या मेल्या. बुरशी मात्र थंडीने फक्त झोपते, मरत नाही.

अडलंय ते इथे. गुळगुळीत आर्ट पेपरची चित्रं असलेली पानं एकमेकांना चिकटलीत. वाफ दिली तर रंगासकट थर सुटतो. कुणी ती सोडवली आहेत का, कशी?

दुसरं, लॉकडाऊनच्या काळात कोरोनाच्या भीतीने काही पुस्तकांवर सॅनिटायझर फवारला गेला (तीन दिवस नुसती बाजूला ठेवली असती तरी भागलं असतं!). मुखपृष्ठाचं लॅमिनेशन फुगलंय, आतल्या पानावरची शाईची सही पसरलीय. सहीचं सोडा, लॅमिनेशन बसवता येईल का?

आणि रत्नागिरी-चिपळूणकडे मोरचूद (कॉपर सल्फेट) घातलेली खळ वापरून, हाताने शिवून बांधणी करणारं कुणी आहे का? फेविकॉलवाले नकोत.