अमेरिकन प्लॅनमधलं '२ बाय ४' वखारीत कसं मागायचं?

माहीमचा_हौशी: गॅलरीत मावेल असं कामाचं टेबल करायचंय. प्लॅन अमेरिकन आहे. फ्रेमची रुंदी २४ इंच, लाकूड सगळं '२ बाय ४', ८ फुटी ८ नग. पण आकृतीत आडवे तुकडे २१ इंचांचे आहेत. दोन बाजूंचे दोन-दोन इंच वजा केले तर २० यायला हवेत ना? आणि रे रोडला वखारीत कोणती साइज सांगू? भाव घनफुटावर आहे.

रंधा_पटाशी: आकृती बरोबर आहे. तिथलं '२ बाय ४' हे नाव कच्च्या कापाचं. वाळवून, रंधून हातात येतं ते दीड बाय साडेतीन इंच. दोन बाजूंचे दीड-दीड गेले, उरले २१. तसंच १ बाय ४ म्हणजे पाऊण बाय साडेतीन, २ बाय ६ म्हणजे दीड बाय साडेपाच. २ बाय ८ ला मात्र फसायला होतं, तिथे रुंदी सव्वासात भरते.

वखारीत '२ बाय ४' मागू नका. 'पावणेदोन बाय पावणेचार, कच्चं माप' असं सांगा. रंधा प्रत्येक बाजूने साधारण एक सूत खातो, म्हणजे जाडीत आणि रुंदीत दोन-दोन सूत, पाव इंच. मग नेमकं दीड बाय साडेतीन मिळतं. टोकांना चिरा असतात, त्यामुळे लांबीत दोन-तीन इंच जास्तीचे धराच.

सागवान_परळ: बिल टेप लावून तपासा. रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात गुणिले लांबी फुटात, भागिले १४४. पावणेदोन बाय पावणेचारचे ८ फुटी ८ नग २.९२ घनफूट होतात. तेच बिलात २ बाय ४ लिहिलं तर ३.५६. फरकाचे पैसे तुमच्या खिशातून जातात. माप कच्चं धरलंय की रंधलेलं, हे भाव ठरवतानाच विचारा.

माहीमचा_हौशी: रंधायचा खर्च वाचवून पावणेदोन इंचीच वापरलं तर?

रंधा_पटाशी: चालेल, पण आडवे तुकडे साडेवीस इंचांचे कापा. स्क्रूही बदला. अडीच इंची स्क्रू दीड इंचातून गेला की पुढच्या लाकडात एक इंच शिरतो, पावणेदोनातून गेला तर पाऊणच. तीन इंची घ्या, आधी भोक पाडून. शिवाय कच्च्या कापाचे सगळे नग एका जाडीचे नसतात. प्रत्येक मोजा आणि सारखे निघतील ते समोरासमोर लावा, नाहीतर फ्रेम गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसत नाही.

पावसाळ्यात आणलेलं लाकूड लगेच कापू नका. मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल असं आडवं रचून दोन-तीन आठवडे ठेवा. लांबीत फारसा फरक पडत नाही, रुंदीत पडतो.

सागवान_परळ: वरच्या फळीसाठी प्लाय घेणार असाल तर एक लक्षात घ्या. ८ बाय ४ ची शीट १२२० मिमी रुंद, पातं ३ मिमी खातं. मधोमध चिरल्यावर प्रत्येक भाग ६०८.५ मिमी राहतो, २४ इंचांना ६०९.६ लागतात. दोन्ही भाग एकमेकांवर चिकटवून जाड फळी करायची असेल तर फ्रेमच २३ ¾ इंच ठेवा, आडवे तुकडे पाव इंचाने कमी करा. प्लाय थोडी बाहेर राहील, क्लॅम्प लावायलाही बरं पडेल. गॅलरीत पावसाचे शिंतोडे येत असतील तर ७१० ग्रेडची, म्हणजे पाण्याला टिकणारी, घ्या आणि कापलेल्या कडा रंगाने बंद करा. पाणी आधी तिथूनच शिरतं.