मदत हवी आहे: माजावरच्या घोडीच्या स्लाइडवर ग्रंथींमध्ये प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर दिसतच नाहीत

नमस्कार मंडळी, मी व्हेटर्नरी गायनॅकमध्ये एमव्हीएससी करतेय, शेवटचं वर्ष, आणि गेले तीन आठवडे एकाच स्लाइडपाशी अडकून पडलेय. इथे पॅथॉलॉजीवाले पण आहेत आणि घोड्यांत काम करणारे पण, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा थीसिस आहे घोडीच्या गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातल्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरवर. एका स्टडफार्मवरच्या वारंवार उलटणाऱ्या घोड्या, म्हणजे दोन-दोन सीझन फळवूनही गाभण न राहणाऱ्या, त्यांच्या बायोप्सी मिळाल्यात. नेहमीचा रिपोर्ट केनी-डॉइग ग्रेडवर येतो, केनीने १९७८ ला ही पद्धत मांडली आणि १९८६ मध्ये मधल्या ग्रेडचे २अ, २ब असे दोन भाग झाले, ग्रेड ३ आला तर शिंगरू मिळायची शक्यता १० टक्क्यांच्याही खाली धरतात. पण हा ग्रेड सांगतो की सूज किती, ग्रंथींभोवती फायब्रोसिस, म्हणजे वणासारखी कडक ऊती, किती. ती ग्रंथी हार्मोनचं ऐकते की नाही ते नाही सांगत. रक्तात प्रोजेस्टेरॉन कितीही असू दे, पेशीत ते पकडणारा रिसेप्टरच नसेल तर त्या पेशीच्या लेखी ते नसल्यातच जमा, आणि मालकाला आपण सांगतो हार्मोन नॉर्मल आहेत. हे मला फार खटकतं, म्हणूनच हा विषय घेतला.

आता अडचण. पाच नंबरची घोडी, वय १५. सईस म्हणाला माजावर आहे, शेपूट उचलते, थोडंथोडं मुतते, योनीची उघडझाप चालू आहे. सोनोग्राफी करून गाभण नाही याची खात्री केली आणि मगच बायोप्सी घेतली. टॅगवर माज असंच लिहिलं. तर माजात दोन्ही रिसेप्टर ग्रंथींत आणि स्ट्रोमात, म्हणजे ग्रंथींमधल्या आधाराच्या ऊतीत, दोन्हीकडे भरपूर दिसायला हवेत, कारण इस्ट्रोजेन ते वाढवतं आणि ओव्ह्युलेशननंतर प्रोजेस्टेरॉन चढलं की तेच त्यांना खाली आणतं. रिसेप्टर असेल तिथे तपकिरी रंग येतो, नसेल तिथे निळा राहतो. माझ्या प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरच्या स्लाइडवर स्ट्रोमाच्या पेशींची केंद्रकं कॉफीच्या पुडीसारखी गडद तपकिरी, आणि त्यांच्या मधोमध ग्रंथी नुसत्या निळ्या. वरचा एपिथेलियमचा थरही निळाच. इस्ट्रोजेन रिसेप्टरचं स्टेनिंगपण ग्रंथींत फिकटच आलंय. त्याच बॅचमधल्या बाकी माजावरच्या घोड्या व्यवस्थित रंगल्यात.

मला संशय फॉर्मॅलिनचा आहे. तुकडे टिकवायला त्यात ठेवतात, बाकीचे २४ तासांत बाहेर काढले पण हा होळी, धुळवड आणि लागून आलेला शनिवार-रविवार यात पाच दिवस तसाच राहिला. रंगवताना सिट्रेट बफर, पीएच ६, प्रेशर कुकर, नंतर डीएबी (तपकिरी रंग देणारं रसायन), सगळं नेहमीसारखं केलंय. दोनदा रिपीट केलं तरी तेच. हा सॅम्पल बाद करू का? एकूण घोड्याच कमी आहेत हो, एकेक सॅम्पल जीवावर येतं टाकायला.

दुसरा प्रश्न, फायब्रोसिसमध्ये गुंडाळलेल्या ग्रंथींचे जे पुंजके असतात ते स्कोअर करताना बाकीच्या ग्रंथींबरोबरच मोजायचे का?

प्रतिसाद
ताई, तुमचं उत्तर तुमच्याच स्लाइडवर आहे. फॉर्मॅलिन जास्त झालं असतं तर सगळंच फिकं पडलं असतं, त्याने स्ट्रोमा सोडून फक्त ग्रंथी कशा निवडल्या असत्या? स्ट्रोमा गडद आलाय म्हणजे रिसेप्टरला चिकटणारी अँटीबॉडी, बफर, कुकर सगळं ठीक आहे. एपिथेलियम (ग्रंथी आणि वरचा थर) रिकामं आणि स्ट्रोमा भरलेला हे चित्र प्रोजेस्टेरॉन बरेच दिवस चढं असल्याचं आहे. गाभण घोडीत साधारण विसाव्या दिवसापर्यंत असंच होतं, एपिथेलियममधले प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर जातात, स्ट्रोमातले राहतात. तुमची गाभण नाही, मग कॉर्पस ल्युटियम, म्हणजे ओव्ह्युलेशननंतर अंडाशयावर बनणारी प्रोजेस्टेरॉन देणारी गाठ, टिकून राहिलंय का बघा, घोडीत ते दोन-तीन महिनेसुद्धा बसतं. मला सॅम्पलपेक्षा टॅगचीच शंका येते. नुसत्या उघडझापीवर जाऊ नका, योनीला त्रास होत असला तरी घोडी तेच करते. सीरम ठेवलंय का?

प्रतिसाद
पुंजके वेगळेच मोजा मॅडम. त्यातल्या ग्रंथी सायकलबरोबर चालत नाहीत, बाजूची निरोगी ग्रंथी माजाचं चित्र दाखवते आणि पुंजक्यातली भलतंच. सरासरीत मिसळलंत तर नेमकं जे शोधताय तेच बुजून जाईल.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. सीरम डीप फ्रीझरमध्ये होतं, आज प्रोजेस्टेरॉन केलं, मिलिलिटरला ६.८ नॅनोग्रॅम आलंय, माजात ते १ च्या खाली हवं. म्हणजे घोडी माजावर नव्हतीच आणि मी तीन आठवडे बफर बदलत बसले. सॅम्पल ठेवतेय, गट बदलून ल्युटिअलमध्ये (कॉर्पस ल्युटियम चालू असलेल्या घोड्यांत) टाकते, पुंजके वेगळ्या कॉलममध्ये. फार्मच्या डॉक्टरांनाही लगेच फोन केला, ते उद्या परत सोनोग्राफी करून कॉर्पस ल्युटियम मोडणारं प्रोस्टाग्लँडिन देतील. घोडीचं कॉर्पस ल्युटियम त्याला गाईपेक्षा खूप जास्त संवेदनशील असतं, गाईला डायनोप्रॉस्ट (एक प्रोस्टाग्लँडिन) २५ मिलिग्रॅम लागतं तिथे घोडीला ५ ते १० पुरतं, पण घाम फार फुटतो म्हणून सईसला आधीच सांगून ठेवलंय की मानेवरून पाणी निथळायला लागलं तर घाबरू नकोस, तासाभरात उतरतं, फक्त तिच्याजवळ थांब.

एकच राहिलं, बाकीच्या सहा घोड्यांचे टॅगपण सईसच्या सांगण्यावरूनच लावलेत. सगळ्यांचं सीरम थोडंथोडंच उरलंय. प्रोजेस्टेरॉन एकदाच होईल, इस्ट्राडायोलला उरणार नाही. आधी प्रोजेस्टेरॉनच करावं ना?