'अवनत' : खाली आणलेला की खाली झुकलेला?

शब्दकोडं रचताना एका जागी अडले आहे. आडव्या ओळीत चार घरांत 'अवनत' बसवला आणि सूत्र दिलं 'खाली आणलेला'. कोडं तपासणाऱ्या मैत्रिणीने हरकत घेतली. तिच्या मते अवनत आपण होऊन खाली येतो, त्याला कुणी आणत नाही. बरं, 'खाली गेलेला' करावं, तर उभ्या शब्दांतून अ, व आणि त आधीच मिळालेले असतात. अव म्हणजे खाली, गत म्हणजे गेलेला, असा विचार करून कुणी 'अवगत' लिहिलं तर त्याला चूक कसं म्हणू? सूत्र काय द्यावं?

प्रतिसाद १
मैत्रिणीचं बरोबर आहे. नम् म्हणजे वाकणे, त्यावरून नत म्हणजे वाकलेला. कुणी वाकवला असेल तर प्रयोजक रूप हवं, अवनामित. त्याला पाच घरं लागतील. सूत्र शब्दाच्या जागी ठेवून वाक्य वाचून बघा. 'अवनत मस्तकाने उभा राहिला' हे 'खाली आणलेल्या मस्तकाने' असं वाचवतं का? 'झुकलेला' द्या. अवगतची काळजी नको, मराठीत त्याचा अर्थ 'माहीत असलेला' एवढाच.

प्रतिसाद २
असहमत. कोडं मराठीचं आहे, संस्कृत व्याकरणाचा पेपर नाही. 'पदावनत कर्मचारी' आपण होऊन खालच्या पदावर आला का? त्याला आणलाच ना? वापरात अर्थ सरकला की सरकला. आणि फळांच्या भाराने अवनत झालेली फांदी घ्या. ती स्वतः वाकली की फळांनी वाकवली?

प्रतिसाद ३
पदावनत हा कचेरीत घडवलेला शब्द, त्याचा दाखला कशाला? सरळ 'पदावरून उतरवलेला' म्हणावं. आपल्याकडे आपोआप होणं आणि कुणी करणं यांतला फरक इतका स्पष्ट आहे की तो पुसू नये. भाव पडला वेगळं, भाव पाडला वेगळं. चलनाचं मूल्य सरकारने ठरवून कमी केलं की अवमूल्यन, बाजारात आपोआप कमी झालं की घसरण. आजी विचारायची, "चेहरा का उतरलाय?" चेहरा कुणी उतरवला, असं तिने कधी विचारलं नाही, मी भांडण करून घरी आलो असलो तरी.

प्रतिसाद ४
उतरण्याचा विषय निघालाच आहे तर माझी आवडती गोष्ट सांगते. उतरणे हे उत् + तॄ वरून आलं, आणि उत् म्हणजे वर! मूळ अर्थ पाणी ओलांडून बाहेर येणे, पैलतीरी लागणे. नावेतून काठावर पाय ठेवणं ते उतरणं, तिथून पुढे कुठूनही खाली येणं. म्हणजे परीक्षेत उत्तीर्ण झालेला मुलगा आणि नापास झालेल्याचा उतरलेला चेहरा, दोन्ही शब्द एकाच उपसर्गाचे, एकाच धातूचे. अवतरण आणि उतारा बघा. उपसर्ग परस्परविरुद्ध, अर्थ मात्र एकच, दुसऱ्याच्या लेखनातून घेतलेला मजकूर. हे कळलं त्या दिवशी मी किती वेळ कोश उघडा ठेवून बसले होते.

प्रतिसाद ५
वर ३ मध्ये 'उतरवलेला' सुचवलंय. ते हिंदीच्या वळणाचं वाटतं. मराठीत कपडे काढतात, उतरवत नाहीत. हल्ली सर्रास 'उतरवणे' ऐकू येतं, कानाला खुपतं.

प्रतिसाद ६
कपड्यांपुरतं मान्य. पण विमान उतरवतात, ओझं उतरवतात, यात हिंदी कुठे आली? आणि विमा उतरवतात त्याचं काय? तिथे तर खाली काहीच येत नाही. 'कागदावर उतरवणे' म्हणजे लिहून घेणे, त्यातून तो अर्थ आला असावा असं मला नेहमी वाटतं.

प्रतिसाद ३ (पुन्हा)
पटण्यासारखं आहे. पण मग कागदावर तरी 'उतरवणे' का? डोक्यातलं खाली हाताशी येतं म्हणून?

प्रतिसाद ७
कोड्यात 'उतरंड'ही घ्या की, चारच घरं. सूत्र मात्र जपून द्या. एकावर एक रचलेल्या मडक्यांत सगळ्यात मोठं तळाला, वर वर लहान होत जातं. आकार उतरतो तो खालून वर. आणि समाजातल्या उतरंडीबद्दल बोलताना आपण मान उतरत जातो वरून खाली असं समजतो. मडक्यांवरून घेतलेला शब्द उलटा कधी झाला?

प्रतिसाद ४ (पुन्हा)
उलटा झालाच नाही. सगळ्या मडक्यांचा भार तळाच्या मडक्यावर असतो, ते बघा.