अनुभव धागा: एडिटरमधल्या नोंदी, जुन्या आवृत्त्या आणि "हे कोणी बदललं?"

गोदाकाठची
दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून जुनी हार्डडिस्क निघाली. लेकाने जोडून दिली. आत सातपूरच्या त्या ऑफिसातलं सगळं जसंच्या तसं, आणि 'आरसीएस' (फायलींच्या जुन्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) फोल्डरमध्ये शेवटी स्वल्पविराम-व्ही लावलेल्या फायलींची रांग!

तेव्हा आम्ही ईमॅक्स या एडिटरवर होतो. कंट्रोल-एक्स, मग व्ही, व्ही दाबलं की फाईल आपल्या नावावर लॉक, दुसऱ्याला बदलता यायची नाही. काम झालं की पुन्हा तेच. मग खिडकी उघडायची, काय बदललं ते लिहायचं, दोनदा कंट्रोल-सी, विषय संपला. एडिटर सोडून कुठे जायला लागायचं नाही, आणि माझं ठाम मत आहे की म्हणूनच लोक कारण नीट लिहायचे. बदल हाताखाली असतो, डोक्यात ताजा असतो. आता टीममधली पोरं संध्याकाळी दिवसभराचं एकत्र ढकलतात आणि वर लिहितात 'फिक्स'. कशाचं फिक्स, बाबा?

चेंजलॉगची, म्हणजे बदलांच्या नोंदींची, फाईल वेगळी. ज्या फंक्शनमध्ये कर्सर असेल तिथे कंट्रोल-एक्स, ४, ए दाबा: तारीख, नाव, ईमेल, फाईल, फंक्शन सगळं आपोआप. आपण फक्त कारण लिहायचं. काल एक नोंद सापडली, रोमन लिपीत: 'साहेबांच्या आग्रहास्तव. मला पटलेलं नाही.' कोणाची ते सांगत नाही 😄

लिहा तुमचे अनुभव. एडिटर कुठलाही चालेल, भांडण नको.

विमवाला_नाशिकरोड
भांडण नको म्हणालात म्हणजे करायलाच हवं. माझा एडिटर विम.

गोदाकाठची
आलाच.

निवृत्त_पंचवटी
आरसीएस १९८२चं, पर्ड्यू विद्यापीठातल्या वॉल्टर टिची यांचं. त्याआधी बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली एससीसीएस हे तसलंच सॉफ्टवेअर केलं होतं. आरसीएसची गंमत अशी की शेवटची आवृत्ती पूर्ण ठेवायची आणि मागच्या आवृत्त्यांचे फक्त फरक उलटे साठवायचे. त्यामुळे आजची फाईल झटकन मिळे, जुनी काढायला जरा वेळ लागे. डिस्क महाग होती हो तेव्हा.

लॉकवरून आठवलं. सहकारी लॉक ठेवून सुट्टीवर गेला की ईमॅक्स विचारायचं, लॉक चोरायचं का? हो म्हटलं की आधी त्या माणसाला पत्र लिहायला लावायचं, का चोरतोय ते. पत्र गेलं की मगच लॉक हातात. इतकी सभ्य चोरी पुन्हा पाहिली नाही.

अंबड_सीएनसी
काका 😂 आमच्याकडे चोरीच चालते, पत्राबित्र नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले नाही, कारखान्यातल्या मशीनचे प्रोग्राम. रात्रपाळीचा सेटर (मशीन लावणारा) कंट्रोलवरच फीड, म्हणजे हत्यार सरकण्याचा वेग, बदलतो आणि ऑफिसातल्या फाईलला पत्ताच नसतो. सकाळी पार्ट वेगळा, मग मीटिंग. पूर्वी प्रोग्रामच्या डोक्यावर कंसात तारीख आणि सही टाकायची पद्धत होती. कंस म्हणजे कॉमेंट, मशीन वाचत नाही. पण माणसंही वाचत नाहीत हा प्रॉब्लेम.

आता मशीनवरून प्रोग्राम परत ओढतो, व्हीएस कोड या एडिटरमध्ये उघडतो, डाव्या पट्टीत लगेच दिसतं कुठली ओळ बदलली. कारण सेटरला विचारून मीच लिहितो. एक सांगतो, कामाचं आहे: एन नंबर, म्हणजे ओळींचे क्रमांक, काढून टाका. मध्ये एक ओळ घातली आणि पुन्हा नंबर दिले की अख्खी फाईल बदललेली दिसते, खरा बदल सापडतच नाही.

विमवाला_नाशिकरोड
@अंबड_सीएनसी एन नंबरचं भारी.
माझं: विममधून गिट (हल्लीचं आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरायचं फ्युजिटिव्ह प्लगिन, टिम पोप यांचं. 'जी ब्लेम' केलं की प्रत्येक ओळीशेजारी कोणी, कधी. ऑफिसात अर्धी भांडणं यानेच मिटतात आणि उरलेली अर्धी यानेच सुरू होतात.
गिट नसलं तरी विममध्ये 'अर्लियर १० एम' म्हटलं की दहा मिनिटांपूर्वीचा मजकूर हजर. ७.३ पासून, म्हणजे २०१०, अनडू डिस्कवरही ठेवता येतं. फाईल बंद करून उद्या उघडा, मागे जा. सेटिंग तेवढं चालू करावं लागतं.
बाकी नंतर, पोळ्या करायला बोलावणं आलंय

कॉलेजरोड_शाल्मली
पोळ्या तू करतोस??

विमवाला_नाशिकरोड
लाटतो. भाजणं वेगळ्या खात्यात आहे.

दिंडोरीचा_बागायतदार
मला यातलं निम्मं कळत नाही पण वाचतोय. एक्सपोर्टच्या द्राक्षबागेला फवारणीची नोंद लागतेच. तारीख, औषध, प्रमाण. गोडी छाटणीपासून (फळासाठीची छाटणी) कितवा दिवस तेही आम्ही लिहितो. वही भिजली, मग पोराने मोबाईलवर साधी टेक्स्ट फाईल करून दिली. तो म्हणतो जुनं खोडायचं नाही, खाली नवीन लिहायचं. चुकलं तरी 'वरची नोंद चुकली' असं लिहायचं. सुरुवातीला हसलो होतो. पण तपासणीला आलेल्या माणसाने तेच विचारलं, आधी काय लिहिलं होतं म्हणून.

थंडी कशी आहे शहरात? इकडे पहाटे शेकोटी.

निवृत्त_पंचवटी
पोरगं हुशार आहे. लेखापालाच्या वहीतही खाडाखोड चालत नाही, उलट नोंद करावी लागते.
थंडी आहे. घाटावर सकाळचे फिरणारे कानटोपीत.

गोदाकाठची
दादा, द्राक्षं कधी? धाग्याचा विषय द्राक्षंही चालेल 😋

दिंडोरीचा_बागायतदार
फेब्रुवारीत या ताई. सगळ्यांना घेऊन या.

कॉलेजरोड_शाल्मली
मी कथा लिहिते, कोड नाही. व्हीएस कोडमध्ये 'टाइमलाइन' आहे ना, मार्च २०२२च्या आवृत्तीपासून त्यात लोकल हिस्टरी येते. गिट नसलं तरी प्रत्येक सेव्हची प्रत राहते. त्यातून उडवलेला परिच्छेद परत मिळाला तेव्हा जीव भांड्यात पडला. मग धीर करून गिट लावलं. दोन अडचणी:
एक, परिच्छेद म्हणजे एक लांबलचक ओळ. एक शब्द बदलला की सगळा परिच्छेद लाल-हिरवा, म्हणजे बदललेला दिसतो.
दोन, फायलींची नावं मराठीत आहेत. टर्मिनलवर गिट ती ३४०, २४४, असल्या आकड्यांत दाखवतं. घाबरून बंद केलं.

विमवाला_नाशिकरोड
(परत आलो, पोळ्या झाल्या)
पहिल्याला: डिफच्या (फरक दाखवणाऱ्या) कमांडनंतर दोन डॅश आणि वर्ड-डिफ, मग बदललेले शब्दच दिसतात. नाहीतर प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिही.
दुसऱ्याला: गिट कॉन्फिगमध्ये कोअर डॉट कोटपाथ 'फॉल्स' कर. आकडे म्हणजे तुझ्याच अक्षरांचे बाइट्स, काही बिघडलेलं नाही.

गोदाकाठची
आणि शाल्मली, जुन्या फॉन्टमधल्या कथा असतील तर आधी युनिकोड कर. आमच्याकडे एका स्मरणिकेचा मजकूर तसा होता, डिफमध्ये नुसती रोमन अक्षरांची भेळ. काय बदललं ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

अंबड_सीएनसी
रविवारी मिसळ खाताना कोणीतरी मला हे ब्लेम प्रकरण दाखवा. रात्रपाळीसाठी हवंय.

विमवाला_नाशिकरोड
सगळे कमिट (गिटमधल्या बदलांच्या नोंदी) तूच करतोस ना? मग ब्लेममध्ये ओळीओळीला तुझंच नाव येणार. ऑथर म्हणून सेटरचं नाव टाकायची सोय आहे, ती आधी बघू.

अंबड_सीएनसी
अरे देवा

कॉलेजरोड_शाल्मली
झालं!! नावं दिसली! आता 'पावसाळा अंतिम', 'पावसाळा अंतिम सुधारित' आणि 'पावसाळा खरंच अंतिम' यातली कुठली ठेवू?

गोदाकाठची
तारखेच्या क्रमाने एकावर एक कमिट कर, फाईलचं नाव नुसतं 'पावसाळा'. आणि प्रत्येक वेळी का बदललीस ते लिही.

कॉलेजरोड_शाल्मली
'संपादकांच्या आग्रहास्तव. मला पटलेलं नाही.' चालेल?