दोन मुलं, दोन कुत्री आणि नवा देश: कामाचा क्रम कसा लावावा?

नवा_मुक्काम

नोकरीनिमित्त सहा-सात महिन्यांत आम्ही चौघं युरोपीय संघातल्या एका देशात राहायला जाणार आहोत. शहर अजून ठरायचंय. मुलं ११ आणि ६ वर्षांची. सोबत ७ वर्षांचा लॅब्रेडॉर (३२ किलो) आणि ३ वर्षांची पग (८ किलो). आम्ही आत्ता राहतो तो देश रेबीजच्या बाबतीत त्यांच्या मान्य यादीत नाही. दोघांच्याही लशी दरवर्षी वेळेवर झाल्या आहेत, लसीकरणाची पुस्तकं आहेत, पण मायक्रोचिप (त्वचेखाली बसवायची, ओळख नंबराची बारीक चिप) बसवलेली नाही.

कागदपत्रांचा नेमका क्रम काय? मुलांची शाळा सुरू व्हायची म्हणून आम्ही आधी जावं आणि घर लागल्यावर महिन्याभराने कुत्र्यांना मागवून घ्यावं, असं काही जण सुचवतात. ते चालेल का? पगला विमानात घेतात का? आणि पोहोचल्यानंतर पहिला महिनाभर काय सांभाळायचं?

टायटर_आधी

सगळ्यात आधी चिप. या आठवड्यातच बसवून घ्या, कारण पुढची प्रत्येक तारीख तिच्यावरून मोजली जाणार आहे.

चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १५ अंकी हवी. आजवरच्या लशी वेळेवर झाल्या असल्या तरी प्रवासासाठी त्या धरल्या जात नाहीत. लस टोचली तेव्हा चिप नव्हती, म्हणजे लस याच कुत्र्याला टोचली याचा पुरावा नाही, असा हिशेब असतो. म्हणून चिप बसवा, स्कॅनरवर नंबर वाचून घ्या आणि त्याच दिवशी किंवा त्यानंतर रेबीजची लस पुन्हा टोचून घ्या. नियमाच्या दृष्टीने ही पहिली लस.

लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रेबीज अँटिबॉडीच्या तपासणीसाठी पाठवायचं. बोलताना सगळे याला टायटर म्हणतात. निकाल ०.५ आययू प्रति मिली किंवा त्याहून जास्त यायला हवा. तिथून पुढे तीन महिने थांबायचं. हे तीन महिने रक्त काढल्याच्या तारखेपासून मोजतात, निकाल हातात आल्यापासून नाही. बरेच जण इथे चुकतात आणि विनाकारण महिनाभर जास्त थांबतात.

म्हणजे आज चिप आणि लस झाली तरी चार महिने गेलेच. तुमच्याकडे सहा आहेत. पुरेसे आहेत, पण टायटर कमी आला तर पुन्हा लस, पुन्हा रक्त आणि पुन्हा तीन महिने, एवढी ढील त्यात नाही. रक्त ३० ते ३५ दिवसांच्या दरम्यानच काढा. लशीनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत अँटिबॉडी सर्वांत जास्त असतात, मग हळूहळू उतरतात. चार महिन्यांनी सवडीने काढलेलं रक्त नापास होण्याची शक्यता वाढते.

टायटर एकदा पास झाला की पुन्हा करावा लागत नाही, पण एका अटीवर: पुढचा प्रत्येक बूस्टर, म्हणजे लशीची पुढची मात्रा, आधीच्या लशीची मुदत संपायच्या आत झाला पाहिजे. एक दिवस जरी उलटला तरी सगळं पहिल्यापासून.

शेवटचा टप्पा म्हणजे सरकारी पशुवैद्यकाने दिलेला किंवा प्रमाणित केलेला आरोग्य दाखला. तो दिल्यापासून संघाच्या हद्दीत शिरेपर्यंत १० दिवस चालतो. तो इंग्रजीत हवा आणि ज्या देशात पहिल्यांदा उतरणार त्या देशाच्या अधिकृत भाषेतही हवा. त्यामुळे मधला थांबा कुठे आहे ते पाहून मगच दाखला बनवा. फिनलंड, आयर्लंड किंवा माल्टा असेल तर उतरण्याआधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पशुवैद्यकाकडून फीतकृमीचं औषध (प्राझिक्वांटेल) देऊन तशी वेळेसकट नोंद करून घ्यावी लागते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कुत्री अडकतात ती बहुतेक वेळा आजारामुळे नाही, तर नंबरामुळे. १५ आकड्यांतले दोन आकडे उलटसुलट झाले की रक्ताचा अहवाल एका कुत्र्याचा आणि दाखला भलत्याच कुत्र्याचा ठरतो. प्रत्येक भेटीत आधी चिप स्कॅन करायला लावा, स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढा आणि चिपसोबत येणारे बारकोडचे स्टिकर प्रत्येक कागदावर लावून घ्या.

मागचं_दार

कुत्र्यांना महिन्याभराने मागवण्याचा बेत जसाच्या तसा ठेवू नका. घरगुती प्राणी म्हणून सवलतीच्या नियमांत यायचं असेल तर मालकाचा प्रवास आणि कुत्र्याचा प्रवास यांत ५ दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, मग ते मागे असो की पुढे. त्यापलीकडे गेलं की तेच कुत्रं व्यापारी मालाच्या नियमांत जातं: वेगळा दाखला, निघण्याआधी ४८ तासांत तपासणी, नोंदणीकृत ठिकाणाहूनच पाठवणी. खर्च आणि धावपळ दोन्ही वाढतात.

यातून रस्ता आहे. मुलांना घेऊन एकाने आधी जायचं आणि दुसऱ्याने कुत्र्यांसोबत मागून यायचं. मात्र कागदावर कुत्र्यांचा मालक म्हणून मागून येणाऱ्याचंच नाव हवं. चिपची नोंदणी, लशीचा दाखला, टायटरचा फॉर्म, तिकीट, सगळीकडे तेच नाव आणि पासपोर्टवर आहे तेच स्पेलिंग. कोण मागे राहणार हे म्हणूनच आत्ता, चिपच्या वेळीच ठरवा.

तुम्हा दोघांना लागू नाही, पण हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: प्रत्येक देशाचं घड्याळ वेगळं असतं. जपानला चिपनंतर रेबीजच्या दोन लशी लागतात आणि रक्त काढल्यापासून १८० दिवस थांबावं लागतं, शिवाय पोहोचण्याच्या किमान ४० दिवस आधी कळवावं लागतं. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२४पासून सहा महिन्यांपेक्षा लहान कुत्रं नेताच येत नाही. ओळखीच्या कुणाचं कसं झालं यावर विसंबू नका, ज्या देशात जायचंय त्याचाच नियम पाहा.

क्रेटवाला

पगसारख्या बसक्या नाकाच्या जातींना बऱ्याच विमान कंपन्या सामानाच्या कप्प्यात घेतच नाहीत, काही फक्त थंडीच्या दिवसांत घेतात. कारण साधं आहे. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद. उष्मा आणि घाबरणं एकत्र आलं की श्वास पुरत नाही. प्रवासी केबिनमध्ये कुत्रं घेतात तिथे मर्यादा बहुधा पिशवीसकट ८ किलोची असते. तुमची पग नुसतीच ८ किलो आहे. पशुवैद्यकाला विचारा, वजन जास्त असेल तर सहा महिन्यांत एक-दीड किलो उतरवणं शक्य आहे आणि तिच्या श्वासासाठीही ते चांगलंच. मुलांची तिकिटं काढण्याआधी कुत्र्यांची जागा लेखी पक्की करा. एका विमानात किती प्राणी घ्यायचे याला मर्यादा असते.

लॅब्रेडॉरच्या क्रेटचं (प्रवासाच्या पिंजऱ्याचं) माप आयएटीए या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीने घ्या. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची, खांद्यांची रुंदी, आणि उभ्या कुत्र्याची डोक्याच्या किंवा कानाच्या टोकापर्यंतची उंची, जे वर असेल ते. क्रेटची आतली लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं अर्धं. रुंदी म्हणजे खांद्यांची दुप्पट. उंची म्हणजे शेवटचं माप अधिक अंथरुणाची जाडी. समजा मापं ८५, ३५, २५ आणि ६८ सेंमी आली, तर आतून १०२.५ लांब, ५० रुंद आणि अंथरूण ३ सेंमीचं धरलं तर ७१ उंच क्रेट लागेल. बसक्या नाकाच्या जातींना यापेक्षा १० टक्के मोठा.

आता खर्चाची गोम. कार्गोत आकारलेलं वजन कुत्र्याचं नसतं, क्रेटच्या आकारमानाचं असतं. उदाहरणादाखल बाहेरून १०२ × ६९ × ७६ सेंमीचा क्रेट धरा: गुणाकाराला ६००० ने भागलं की ८९ किलो येतात. ३२ किलोच्या कुत्र्याचं भाडं ८९ किलोंवर लागू शकतं. म्हणून उगाच एक माप मोठा क्रेट घेऊ नका, आणि लहान तर मुळीच नको, कारण तो काउंटरवरच परत पाठवतात.

क्रेटचे वरचे-खालचे भाग जोडायला प्लॅस्टिकच्या खटक्यांऐवजी धातूचे नटबोल्ट लावा. हवेच्या जाळ्या चारही बाजूंना हव्यात. पाण्याची वाटी दाराला आतून अडकवलेली, पण बाहेरून भरता येईल अशी. विमानतळावर तपासणी झाल्यावर दाराच्या कोपऱ्यांना केबल टाय बांधतात, ते थोडे जास्तीचे सोबत ठेवा.

झोपेचं औषध देऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी. त्याने रक्तदाब उतरतो, अंगाचं तापमान सांभाळता येत नाही, तोल जातो, आणि कप्प्यात बघायला कुणी नसतं. बहुतेक कंपन्या गुंगीतलं कुत्रं घेतही नाहीत.

नवा_मुक्काम

फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. चिपची वेळ उद्याचीच घेतली. लॅब्रेडॉर बंद जागेत शिरायला तयार नसतो, त्याला सवय कशी लावायची? आणि पहिले काही दिवस पुरेल एवढं नेहमीचं खाणं सोबत नेता येईल ना?

पट्टा_घट्ट

खाणं नेता येणार नाही. मांस किंवा दूध असलेले पदार्थ बाहेरून संघात आणायला मनाई आहे आणि कुत्र्याचं खाणं त्यातच येतं. कच्च्या चामड्याची चघळायची हाडंही नकोत. पशुवैद्यकाने आजारासाठी दिलेल्या खास खाण्याला थोडी सूट आहे, तीही २ किलोंपर्यंत. उपाय असा की तिकडे मिळणारा एखादा ब्रँड निवडायचा आणि निघायच्या दोन महिने आधी इथेच सवय लावायची. पाव भाग नवं, पाऊण भाग जुनं, असं सुरू करून आठ-दहा दिवसांत पूर्ण बदला. प्रवासाचा ताण, नवं पाणी आणि नवं खाणं एकाच आठवड्यात आलं तर जुलाब लागतात, तेही नव्या भाड्याच्या घरात.

क्रेटला सहा ते आठ आठवडे द्या. पहिला आठवडा दारच काढून ठेवा आणि जेवणाची वाटी रोज थोडी थोडी आत सरकवा. तो आपणहून आत जाऊन खाऊ लागला की दार बसवा, तो खात असताना लावा आणि खाणं संपायच्या आत उघडा. तो दार खरवडायला लागल्यावर उघडलंत तर खरवडलं की दार उघडतं एवढंच तो शिकतो. मग पाच मिनिटं, अर्धा तास, रात्रभर, आणि शेवटी क्रेट गाडीत ठेवून फेऱ्या. घरातल्या माणसाने वापरलेली, न धुतलेली चादर आत घाला. मोठ्या मुलाला किंवा मुलीला हे काम रोजचं म्हणून द्या, ते मनापासून करतात.

पोहोचल्यावर कुत्रं प्रवाशांच्या दारातून येत नाही, कार्गोचं गोदाम वेगळं असतं आणि कागद तपासून सुटायला काही तास लागतात. एक मीटर लांबीचा क्रेट साध्या टॅक्सीत मावत नाही, मोठी गाडी आधीच ठरवून ठेवा. आणि हे नीट वाचा: गोदामाच्या आवारात क्रेटचं दार उघडायचं नाही. सगळ्यांना आधी त्याला कुरवाळायचं असतं, मुलं रडकुंडीला आलेली असतात, तरीही नाही. क्रेट बंदच गाडीत चढवा, गाडीची दारं लावा, मग टाय कापा. दार चार बोटं उघडून हात आत घाला, हार्नेस आणि गळ्यातला पट्टा दोन्हींना वेगवेगळी दोरी अडकवा आणि मगच त्याला बाहेर येऊ द्या. बारा-पंधरा तास कोंडलेलं, घाबरलेलं कुत्रं गळ्यातल्या पट्ट्यातून मान मागे खेचून सुटतं, आणि त्या गावात त्याला एकही वास ओळखीचा नसतो.

दोन दोऱ्यांचा हा नियम पहिले दोन आठवडे पाळा, बागेत मोकळं सोडायची परवानगी असली तरी. सहा वर्षांच्या मुलाच्या हाती बाहेर दोरी नको. घराच्या दारावर त्याच्या उंचीला एक कागद चिकटवा: आधी कुत्री आतल्या खोलीत, मग दार.

मातीवर शी-शू करायची सवय असलेलं कुत्रं गवतावर किंवा फरशीवर तासन्‌तास थांबून राहतं. निघण्याआधीच एक शब्द ठरवा, तो प्रत्येक वेळी म्हणा आणि दोन-तीन वेगळ्या पृष्ठभागांवर सवय करा. फिरायच्या आणि जेवायच्या वेळा पहिल्या दिवसापासून तिथल्या घड्याळाने, अंतर तेच. शाळा सुरू झाली की घर दिवसभर रिकामं होईल, म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच दहा मिनिटं, वीस मिनिटं असं एकटं ठेवत चला. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याची पहिली तक्रार बहुधा एकट्या कुत्र्याच्या रडण्याची असते.

मागचं_दार

घराबद्दल थोडं. भाडेकरारात नुसतं ‘पाळीव प्राणी चालतील’ पुरत नाही. दोन कुत्री, जात, वजन असं लिहून घ्या. घर पाहायला जाताना चिप, लसीकरण, नसबंदी आणि आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र एका पानावर न्या, घरमालकाचा पवित्रा पुष्कळ बदलतो. आधीचं पत्र मिळवायला तुमच्याकडे आत्ता वेळ आहे.

जातींची बंदी देशागणिक वेगळी असते. लॅब्रेडॉर आणि पगला अडचण नाही, पण डेन्मार्कमध्ये २०१०पासून १३ जातींवर बंदी आहे आणि जर्मनीत पिट बुल टेरियरसह चार जाती आणण्यावर निर्बंध आहेत. संकर असेल तर आधी खात्री करा. जर्मनीत नगरपालिकेकडे कुत्र्याचा करही भरावा लागतो, म्हणून पत्ता नोंदवायला जाल तेव्हा त्याच खेपेला कुत्र्यांचंही विचारा.

टायटर_आधी

एक राहिलं. चिप त्वचेखाली असते म्हणून सगळे निर्धास्त होतात, पण तिच्यात फक्त नंबर असतो. नाव आणि फोन एखाद्या नोंदवहीत असतात आणि ती नोंदवही तुमच्या जुन्या देशातली. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात दोन्ही चिप तिथल्या नोंदवहीत नव्या पत्त्यासकट चढवा. ते होईपर्यंत गळ्यातल्या बिल्ल्यावर तिथला चालू फोन नंबर हवा, जुना नाही. सिम कार्ड कुत्र्यांच्या आधी घ्या.

त्याच आठवड्यात तिथला पशुवैद्यक गाठा. औषधांची नावं ब्रँडची नकोत, मूळ घटकाची आणि मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहून न्या. गोचीड आणि हार्टवर्मसाठी (हृदयात होणारे कृमी) तिथे काय द्यायचं ते विचारा. भूमध्य समुद्राच्या बाजूचं शहर ठरलं तर वालुमाशीमुळे होणाऱ्या लेशमॅनियासिस या आजारापासून वाचवणारा गळ्यातला पट्टा पहिल्या भेटीतच मागून घ्या.