इटलीतील उदारमतवादाचा वारसा कोणाकडे जातो?

मूळ मत

इटलीच्या उदारमतवादाची कथा देशाचा पहिला पंतप्रधान काव्हूर याच्यापासून सुरू करून विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे पंतप्रधान जोलित्ती यांच्यापाशी संपवण्याची रीत मला पटत नाही. १८६१ मध्ये राज्य एक झाले तेव्हा मताधिकार जेमतेम दोन टक्के लोकांना होता. पुढे साठ वर्षांनी याच परंपरेतील बहुतेक पुढाऱ्यांनी १९२३ चा निवडणूक कायदा उचलून धरला, ज्यामुळे किमान २५ टक्के मते मिळवून पहिल्या येणाऱ्या यादीला दोन तृतीयांश जागा मिळणार होत्या. मुसोलिनीसाठी दार आतूनच उघडले गेले.

माझ्या मते खरे वारस १९५५ मध्ये उदारमतवादी पक्षातून फुटून निघालेले रॅडिकल आहेत. १९७८ च्या सार्वमताआधी सरकारी दूरचित्रवाणीवर मिळालेल्या वेळात मार्को पान्नेल्ला, एम्मा बोनिनो हे रॅडिकल नेते आणि त्यांचे सहकारी तोंडाला फडके बांधून, एक शब्दही न उच्चारता बसून राहिले. राजकीय पक्षांना सरकारी तिजोरीतून मिळणारा पैसा बंद करावा, या त्यांच्या मागणीला बड्या पक्षांचा विरोध असूनही ४३ टक्क्यांहून अधिक मते पडली.

प्रतिसाद १

आपला राग समजतो, पण हिशेब एकांगी आहे. १९१२ च्या मताधिकार सुधारणेने मतदारांची संख्या सुमारे ३० लाखांवरून ८० लाखांच्या वर नेली, ती जोलित्तींनीच. घटस्फोटाच्या कायद्याचे श्रेय सर्रास रॅडिकलांना दिले जाते. मात्र डिसेंबर १९७० चा तो कायदा फोर्तुना या समाजवादी आणि बास्लिनी या उदारमतवादी खासदाराच्या नावाने ओळखला जातो. त्या वेळी संसदेत रॅडिकलांचा एकही सदस्य नव्हता. त्यांचे पहिले चार खासदार १९७६ मध्ये निवडून आले. रस्त्यावरची चळवळ मोलाची खरीच, परंतु कायदा संमत व्हायला सभागृहात हात वर करणारी माणसे लागतात.

प्रतिसाद २

आपण दोघेही १८४९ च्या रोमन प्रजासत्ताकाला वगळून बोलत आहात, याचे मला वाईट वाटते. सावरकरांनी १९०७ मध्ये इटालियन क्रांतिकारक मॅझिनीचे लेखन मराठीत आणल्यामुळे आपल्याला मॅझिनी घरचा वाटतो, पण तो मुख्यतः राष्ट्रवादी मॅझिनी. ज्या रोमन प्रजासत्ताकाचे त्याने नेतृत्व केले, त्याच्या संविधानाने देहदंड आणि मालमत्तेची जप्ती या दोन्ही शिक्षा रद्द केल्या. फ्रेंच फौजा शहरात शिरत होत्या, त्याच ३ जुलैला ते संविधान कॅपिटोलिन टेकडीवर जाहीर करण्यात आले; एक दिवसही अमलात येणार नाही हे ठाऊक असताना. राजाशी तडजोड करणारा काव्हूर आणि १९५५ चे रॅडिकल या दोघांच्याही आधी ही परंपरा उभी होती, आणि उदारमतवादी लेखक पिएरो गोबेत्ती तिच्याशी वाद घालतच वाढला. फॅसिस्टांची मारहाण सोसलेला हा संपादक फेब्रुवारी १९२६ मध्ये पॅरिसमध्ये वारला, तेव्हा तो अवघा २४ वर्षांचा होता.

मूळ लेखकाचे उत्तर

बास्लिनींचा मुद्दा मान्य आहे, आणि १९७४ च्या सार्वमतात ५९ टक्के लोकांनी तो कायदा राखला तेव्हा उदारमतवादी पक्ष योग्य बाजूला होता हेही मी लिहायला हवे होते. १८४९ मी वगळायला नको होते. जोलित्तींबाबत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. १९२१ च्या निवडणुकीत फॅसिस्टांना आपल्या आघाडीच्या यादीत घेऊन प्रतिष्ठा देणारे तेच होते, आणि १९१२ मध्ये ज्यांच्या हाती मत दिले त्याच शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था तेव्हा जाळल्या जात होत्या.